पास्कांच्या चक्कीचं पीठ

इनोक पास्कच्या हातून चमचा दुसऱ्यांदा पडला. हेस्टरने तो उचलला, परकराला पुसला आणि पुन्हा सासऱ्याच्या हातात ठेवला. बोटांनी तो धरलाच नाही. मनगट खाली लोंबत राहिलं.

"थंडी आहे," म्हातारा म्हणाला. "थंडीनं आखडलाय हात."

"होय बाबा. थंडीच आहे."

आखडलेला हात कसा असतो ते हेस्टरला माहीत होतं. हिवाळ्यात चक्कीच्या पाटातला बर्फ फोडताना तिची स्वतःची बोटं लाकडासारखी व्हायची. हा हात आखडला नव्हता, त्यातला जीवच निघून गेला होता. असा हात तिने आयुष्यात एकाच माणसाचा पाहिला होता. तो तिच्या बापाचा. डोंगरापलीकडे शिशाच्या भट्टीवर तो कामाला होता. पण ते पलीकडे. इकडच्या खोऱ्यात शेती, मेंढ्या आणि ही पाणचक्की. इकडे कुठली आली भट्टी?

तिने चमचा आपल्या हाती घेतला आणि म्हाताऱ्याला ओटची लापशी भरवू लागली. चाळीस वर्षं पाठीवरून पोती वाहिलेला माणूस चोच उघडावी तसं तोंड उघडत होता आणि सुनेच्या नजरेला नजर देत नव्हता. कोपऱ्यात पाच वर्षांची लेटी पोट धरून बसली होती.

"आई, परत दुखतंय."

"शी झाली का गं?"

"होतच नाही."

खालून चाकाची घरघर येत होती. ती घरघर ह्या घराच्या भिंतींतच मुरलेली होती. चक्की फार जुनी. मठातल्या साधूंनी ती बांधली म्हणायचे. पुढे मठ मोडला, त्याचे दगड लोकांनी गोठ्यांना लावले, पण चक्की फिरत राहिली. दोनदा जळली, एकदा पुराने तिचं चाकच मैलभर खाली नेऊन टाकलं. हेस्टरच्या नवऱ्याच्या, गिडियनच्या, पणज्याने ती जमीनदाराकडून खंडाने घेतली तेव्हापासून ओकनशॉ गावाच्या तोंडात गेलेला प्रत्येक घास पास्कांच्या दगडाखालून गेला होता. गावाला ह्याचं कौतुक होतं असं नाही. चक्कीवाला म्हणजे मापात मारणारा, ही म्हण तिकडेही आहेच. पण पास्कांच्या पिठात माती निघाली असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मारल नदी आटली. ईस्टरपासून पाऊस नाही. चक्कीचं पाणी साठवायच्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडल्या आणि चाक वाळून तडकायला लागलं. ओट आले ते खुरटे, तेही थोडके. मग शरद सरता सरता पाणी आलं आणि सगळं गाव एकदम पोती घेऊन दारात. गिडियनने चक्कीला उसंत दिली नाही. दगड जवळ आणून, घासून घासून दळलं. त्यात वरचा दगड मऊ निघाला. त्याचे टवके उडाले, पोटात मूठ मावेल एवढे खड्डे पडले. जमीनदाराचा कारभारी घोड्यावरूनच म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू. फ्रेंचांशी लढाई चालली आहे, आणि तुला नवा दगड हवाय?" मग गिडियनने काहीतरी करून खड्डे बुजवले आणि चक्की पुन्हा सुरू केली. कशाने बुजवले, हे हेस्टरने विचारलं नव्हतं. दगड हे पुरुषांचं काम.

आता फेब्रुवारी लागला होता, आणि जवळजवळ सगळं गाव पोट धरून बसलं होतं.

*

"मी सांगतो काय आहे ते," मोझेस क्रिब म्हणाला. तो चर्चची घंटा वाजवायचा आणि मुडद्यांसाठी खड्डे खणायचा. दोन्ही कामांत बोलायला सवड भरपूर. चक्कीच्या दाराशी पोत्यावर बसून तो आपल्या पाळीची वाट बघत होता. "पोटाला गाठ बसते, खालून काही निघत नाही आणि तोंडात तांब्याची पेनी चघळल्यासारखी चव. हे देवाघरचं दुखणं नव्हे. हे कोणीतरी घातलेलं आहे."

"तू पेनी चघळून बघितलीयस वाटतं?" सुझाना रॅडल म्हणाली. ती सात महिन्यांची पोटुशी होती. पोट सांभाळत ती भिंतीला टेकून उभी होती. हसताना तिचा चेहरा पिवळट दिसत होता.

"हस तू. गावात कोण आजारी नाही, सांग बघू?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

"डॉर्कस फेन," सुझानाचा नवरा जॉब म्हणाला. जॉब गाडीवान होता. उंच, रुंद, बोलायला कमी. "तिला काही झालेलं नाही. काल लाकडं फोडत होती. सत्तरीची बाई."

"आणि तिच्या गाईचं दूध निम्मं गाव पितं," मोझेस म्हणाला. "मी आपलं सांगितलं. बाकी तुम्ही शहाणे."

हेस्टर झाडू घेऊन सांडलेलं पीठ गोळा करत होती. रोज ते ती कोंबड्यांना घालायची. तिच्या मनात आलं, डॉर्कस म्हातारी दळायला येतच नाही. ओट विकत घ्यायची तिची ऐपत नाही. ती बटाटे खाते आणि आपल्या गाईचं दूध पिते. मनात आलं आणि हेस्टरने ते तिथेच दाबलं. पण झाडलेलं पीठ घेऊन ती अंगणात गेली तेव्हा सात कोंबड्यांपैकी तीनच धावत आल्या. बाकीच्या भिंतीकडेला मान टाकून बसल्या होत्या. एकीला तिने पायाने हलकेच ढोसलं. कोंबडी उठली, दोन पावलं टाकली आणि पंख पसरून चिखलात आडवी झाली.

भट्टीच्या आसपास अशा कोंबड्या असायच्या. तिची आई त्यांची मान पिरगाळून पुरून टाकायची, शिजवायची नाही.

ती घरात गेली. लेटीला उजेडाकडे तोंड करून उभं केलं. "आ कर."

"का?"

"कर म्हटलं ना."

दाताच्या मुळाशी, हिरडीच्या काठाने, शाईने ओढावी तशी निळसर काळी रेघ होती.

"किडलेत का गं, आई?"

"नाही," हेस्टर म्हणाली. "मीठ लावून घास. जा."

मग तिने पाण्याच्या बादलीवर वाकून स्वतःचा ओठ वर केला. पाणी हलत होतं. ते स्थिर होईपर्यंत तिने वाट पाहिली, आणि मग वाट पाहिली नसती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

*

चार दिवसांनी गिडियनने दगडाला टाकी लावायला काढली. दळून दळून दगडाच्या चऱ्या बुजतात, त्या छिन्नीने पुन्हा कोराव्या लागतात. एरवी हाताखालचा गडी असायचा, पण तोही पोटाच्या कळांनी अंथरुणाला खिळला होता. "हेस्टर, ये जरा," गिडियनने हाक मारली. "दगड कलंडताना नुसतं धरायचंय."

मळसूत्र फिरवत त्याने वरचा दगड उचलला. लोखंडी आकड्यांत धरलेला तो अजस्र गोल हळूहळू वर आला, कलला, उताणा होऊन लाकडी ठोकळ्यांवर बसला. खिडकीतून स्वच्छ उजेड पडत होता. गिडियनने ब्रशने पीठ झाडलं.

दगडाच्या पोटात वेगवेगळ्या आकाराचे करडे डाग होते. काही खिडकीच्या उजेडात चकाकत होते. हेस्टरने एकावर अंगठा ठेवला. अंगठा आत गेला. डाग दगडाच्या पातळीला नव्हता, बशीसारखा खोल झिजला होता. तळाशी गुळगुळीत, मऊ, गार.

"हे काय भरलंस?"

"शिसं. जुन्या पन्हळीचं पडलं होतं मागं. वितळवून ओतलं. बघ कसं बसलंय, मुंगी जाईल का फटीतून?"

"ओतलंस तेव्हा काठोकाठ होतं?"

"मग? वर कानस मारून सपाट केलं."

"आता निम्मंही नाही."

"झिजतंच की. दगडही झिजतो."

"गिडियन, ते गेलं कुठं?"

तो छिन्नी शोधत होता. त्याचा हात थांबला. हेस्टर त्याच्याकडे पाहत होती आणि तिला दिसलं की हा प्रश्न त्याला नवा नाही. त्याने तो ह्याआधी कधीतरी ऐकला होता, स्वतःच्याच मनात, आणि तिच्यासारखाच दाबला होता.

"माझ्या बापाचे हात असेच लोंबले होते," ती म्हणाली. "बाबांचे लोंबतात तसे. लेटीच्या हिरड्या बघ. माझ्या बघ. कोंबड्या मरताहेत."

"तुझा बाप भट्टीच्या धुरानं गेला. धुरानं होतं ते. थंड शिशानं काय होतंय? चर्चच्या छपरावर शिसं आहे. पाळकाच्या घरात पाणी येतं ते शिशाच्या नळातून. मेला का पाळक?"

"पाळक नळ दळून खात नाही."

गिडियनने तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. त्याचा तळवा घामेजलेला होता. "ऐक. बाहेर एक शब्द गेला ना, तर मला फासावर नेतील. कळतंय का? मागच्या महिन्यात क्रिबची बहीण गेली, त्याआधी टेकडीवरची दोन पोरं. ती सगळी माझ्या गळ्यात बांधतील. गवत कापणीपर्यंत कसंही काढू, नवा दगड येईल. तोवर मी ह्यावर चुना ओततो."

"चुना टिकेल?"

"टिकेल."

टिकणार नाही हे दोघांना कळत होतं. ओल्या हवेत चुना आठवडाभरात भुगा होऊन पडायचा, म्हणून तर शिसं ओतलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना गिडियनने स्वतःच्या हाताने लापशी वाढून घेतली. काठोकाठ वाडगा. हेस्टरकडे बघत बघत त्याने तो संपवला, चमच्याने तळ खरवडला आणि दुसरा भरून घेतला. "बघ," तो म्हणाला. "काही होत नाही." रोज रात्री तो तसाच खाऊ लागला. रोज तिच्याकडे बघत. तिला वाटायचं, वाडगा हिसकून घ्यावा. तिने हिसकला नाही.

लेटीला आणि म्हाताऱ्याला मात्र ती बटाटे उकडून घालू लागली. लेटीला बरं वाटलं. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. "चक्कीवाल्याच्या घरात बटाटे? आम्ही काय डॉर्कस फेन आहोत?"

"दातांना मऊ पडतात, बाबा."

"दात आहेत कुठं?" म्हातारा कुरकुरला, पण खाऊ लागला.

दोन दिवसांनी सुझाना रॅडल पोतं न्यायला आली. जॉब गाडी घेऊन बाजाराला गेला होता. दारात फक्त ती आणि हेस्टर. वर दगड घरघरत होता आणि गिडियन वरूनच जिन्याच्या फटीतून खाली बघत होता. त्याचे बूट हेस्टरला दिसत होते. हेस्टरने पोतं उचललं. ते सुझानाच्या हातात देताना तिचे हात क्षणभर पोत्याला चिकटून राहिले.

"सोड की," सुझाना हसली.

"सुझाना, हे..."

"काय गं?"

बूट हलले.

"जड आहे. जपून ने."

"अगं, दोन महिन्यांनी ह्याहून वळवळणारं उचलायचंय," सुझाना म्हणाली आणि पोतं कमरेवर घेऊन निघाली. वळणावर झाडांआड दिसेनाशी होईतो हेस्टर दारात उभी होती. मग ती आत गेली आणि तिने लेटीसाठी बटाटे चुलीवर ठेवले.

*

त्याच आठवड्यात सुझानाचं पोर वेळेआधी आलं. मुलगा होता. रडलाच नाही. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून मोझेस क्रिबने त्याला चर्चच्या भिंतीबाहेर पुरलं.

दुसऱ्या दिवशी डॉर्कस फेनची गाय नदीच्या उतारावर सापडली. कोणीतरी तिचं पोट फाडलं होतं. त्या दिवशी चक्कीवर आलेल्यांपैकी कोणीही कोणाला काही विचारलं नाही. गिडियनच्या पोटातही आता कळा येत होत्या. पोत्याला गाठ मारता मारता तो थांबायचा, कपाळ पोत्यावर टेकायचा, दात आवळून उभा राहायचा.

दुपारी डॉर्कस स्वतःच आली. रिकामी पिशवी घेऊन, शाल डोक्यावरून. चक्कीत ती आयुष्यात चारदोनदाच आली असेल. दारातल्या माणसांनी तिला वाट दिली, पण तिचा स्पर्श होऊ नये अशी.

"हेस्टर," ती म्हणाली, "गाय गेली माझी. कळलं असेल. दूध नाही, आता नुसत्या बटाट्यांवर कसं निभायचं? मापभर ओटचं पीठ दे. लोकर कातायला लागले की फेडीन."

हेस्टरच्या मागे पिठाची तीन पोती होती. समोरच. उघड्या तोंडाची.

"पीठ नाही, आजी."

डॉर्कसने पोत्यांकडे पाहिलं. मग हेस्टरकडे.

"नाही?"

"नाही. बटाटे देते. घरात आहेत, आणते मी, हवे तेवढे..."

"तू पण का गं?" म्हातारी एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. दारातले पुरुष बघत होते, त्यांतला एकजण फिसकन हसला. हेस्टर धावत आत गेली, ओचा भरून बटाटे घेऊन आली. म्हातारी तोवर रस्त्याला लागली होती. हेस्टरने मागून दोनदा हाक मारली. डॉर्कसने वळून पाहिलं नाही.

"शाबास," कोणीतरी म्हणालं. "चेटकिणीला दाणा देऊ नये."

*

शनिवारी सकाळी ते तिला घेऊन आले.

हेस्टर तळ्याच्या काठी कपडे धूत होती. आधी कुत्री भुंकली, मग माणसं दिसली. वीसपंचवीस असतील. पुढे जॉब रॅडल, हातात गाडीला बांधायचा दोर. मध्ये डॉर्कस. तिच्या डोक्यावरची शाल गेली होती आणि पांढरे विरळ केस वाऱ्याने उडत होते. पायातला एक बूट नव्हता. गावात खोल पाणी म्हणजे चक्कीचंच तळं; दुसरीकडे कुठे नेणार?

"बुडली तर सोडून देऊ," मोझेस क्रिब सगळ्यांना सांगत होता, जणू काही तोच पाळक. "तरंगली तर चेटकीण समजायचं. जुनी रीत आहे."

ते डॉर्कसच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधत होते आणि ती त्यांना बांधू देत होती. लहान पोराच्या बुटाची नाडी बांधताना ते खाली बघतं, तशी ती त्यांच्या हातांकडे बघत होती. फक्त तिचा जबडा थडथडत होता.

हेस्टरने तोंड उघडलं. "थांबा," ती म्हणाली. चाकाच्या घरघरीत तिचं तिलाही ऐकू आलं नाही. तिने पुन्हा ओरडून पाहिलं. एका बाईने मान वळवली आणि परत फिरवली.

चक्की चालूच होती. गिडियनने ती मुद्दाम चालू ठेवली होती. खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता, पिठाने पांढरा. तो बघत होता आणि दळत होता.

आपण घरात पळतोय असं तिला वाटलं, पण पाय पाटाकडे निघाले होते. पाणी अडवायच्या फळीचा दांडा तिने दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा सगळा भार टाकला. फळी कचकन खाली बसली. पाणी थांबलं. चाक आणखी अर्धा फेरा फिरलं, कुरकुरलं आणि उभं राहिलं.

दळणाच्या दिवशी चक्की बंद पडल्याचं ओकनशॉमध्ये कोणी ऐकलं नव्हतं. सगळ्या माना वळल्या.

"तिनं काही केलेलं नाही," ती म्हणाली. "पिठात आहे. आमच्या पिठात."

"काय आहे?" जॉबने विचारलं.

"शिसं. दगडाचे खड्डे शिशानं भरलेत. ते झिजून पिठात येतंय. माझा बाप त्यानंच गेला. डॉर्कस आजीला काही होत नाही, कारण ती आमचं पीठ खात नाही."

गिडियन दारात आला. एका हाताने त्याने पोट दाबून धरलं होतं. "ऐकू नका तिचं," तो म्हणाला. "पोरगी आजारी पडल्यापासून डोकं ठिकाणावर नाही तिचं. रात्रभर बडबडते."

हेस्टरने नवऱ्याकडे पाहिलं. बारा वर्षांत तो तिच्याविषयी कधी खोटं बोलला नव्हता. तो अजूनही तिच्याकडे बघत नव्हता.

"मग दगड उचल," ती म्हणाली. "दाखव त्यांना. मी खोटी ठरेन."

गिडियन जागचा हलला नाही.

एवढं पुरलं. जॉबने दोर खाली टाकला आणि गिडियनच्या अंगावरून जवळजवळ त्याला ढकलतच आत गेला. त्याच्यामागे आणखी सहासात जण. वरून मळसूत्राची करकर ऐकू आली, मग बराच वेळ काही नाही. डॉर्कस बांधलेल्या अवस्थेत ओल्या गवतावर बसली होती. हेस्टरने तिच्याजवळ बसून गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी तिने दाताने सोडवली.

जॉब बाहेर आला. त्याच्या हातात करड्या धातूचा एक पातळ, वाकडातिकडा तुकडा होता, छिन्नीने उचकटलेला. त्याने तो तळव्यावर धरला होता. गिडियनकडे त्याने पाहिलंही नाही. तो सरळ हेस्टरपाशी आला.

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी म्हणता आलं असतं.

"टाकी लावायला दगड काढला तेव्हा."

जॉब विचार करत होता. त्याचे ओठ हलत होते. टाकी कधी लावली ते गावात सगळ्यांना माहीत असतं. छिन्नीचा आवाज तीन शेतं ओलांडून जातो.

"तेव्हा सुझाना पोटुशी होती," तो म्हणाला.

"हो."

"त्यानंतर ती पीठ न्यायला आली. तूच दिलंस."

"हो."

खिडकीशी बसलेला इनोक म्हातारा सगळं ऐकत होता. त्याला काय कळलं, काय नाही, देव जाणे. तो आतून ओरडला, "आणि आम्हाला बटाटे घालते ही! पीठ असताना बटाटे!"

जॉबने खिडकीकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या लेटीकडे, तिच्या पुन्हा लाल झालेल्या गालांकडे.

"तुझ्या पोरीला बटाटे," तो हळूच म्हणाला. "आणि माझ्या सुझानाला पीठ."

तो मारेल असं हेस्टरला वाटलं. मारावं असं वाटलं. त्याने शिशाचा तुकडा तिच्या पायाशी टाकला आणि घण आणायला गेला.

दगड फोडायला त्यांना दुपार लागली. त्याच दगडाचं दळण खाऊन थकलेली माणसं ती. दोन घाव घालायची आणि वाकून पोट धरायची. तुकडे एकेक करून तळ्यात ढकलले. गिडियन पायरीवर बसून ओकत होता. त्याला कोणी हात लावला नाही. जाता जाता एका बाईने ओंजळभर चिखल त्याच्या अंगावर फेकला, तेवढंच. घरोघरची पोती नदीत रिकामी झाली आणि मारलचं पाणी दोन दिवस दुधासारखं वाहिलं.

*

फास कोणाला झाला नाही. तालुक्याच्या न्यायाधीशाने दोनदा बोलावलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, हा अडाणीपणा आहे, गुन्हा नाही. पण जमीनदाराच्या कारभाऱ्याने ईस्टरपर्यंत चक्की रिकामी करायला सांगितली. नवा दगड मग लगेच आला, नवा चक्कीवालाही आला. पुढे किती पिढ्या ते चाक फिरत राहिलं. पास्कांच्या घरातलं नाव मात्र त्या खोऱ्यात कोणी पोराला ठेवलं नाही, कुत्र्यालाही नाही.

इनोक म्हातारा निघायच्या आधीच गेला. गिडियन जगला, पण त्याच्या उजव्या हाताने पुन्हा छिन्नी धरली नाही. ते डोंगरापलीकडे हेस्टरच्या भावाकडे निघाले. एक हातगाडी, वर अंथरुणं, भांडी आणि त्यांत बसलेली लेटी. गाडी हेस्टर ओढत होती. गिडियन मागून खांद्याने रेटत होता. रॅडलांच्या घरावरून जाताना दार उघडं होतं. आत सुझाना चुलीपुढे बसलेली दिसली. तिने पाहिलं. उठून दार लावलं नाही, नुसती पाहत राहिली, आणि ते घर मागे पडेपर्यंत हेस्टरला मान वर करवली नाही.

पुलावर डॉर्कस फेन उभी होती. गवताचा भारा कठड्याला टेकवून दम घेत होती. दुसऱ्यांच्या गाईंसाठी आता ती गवत कापायची. गाडी जवळ आली तशी तिने भारा बाजूला ओढला. चाकं जातील एवढी जागा केली. हेस्टर थांबली.

म्हातारीनेच विचारलं. "एक सांग. मला त्या दिवशी आणलं नसतं तळ्यावर, तर बोलली असतीस का तू?"

खाली नदी खळाळत होती. ह्या साली पाणी भरपूर होतं.

"नाही," हेस्टर म्हणाली. "नसते बोलले. मला फार भीती वाटत होती, आजी."

डॉर्कसचा जबडा पुन्हा जरासा थडथडला, तळ्याकाठी थडथडला होता तसा.

"मलाही वाटत होती," ती म्हणाली. मग वाकून तिने हातगाडीचा एक दांडा धरला. "चल. पुढं चढ आहे. एकटीला ओढवायची नाही तुला."